पाळणागाडी घ्यायला उदगीरला

उन्हाळ्यात माणसं थंड हवेच्या गावाला जातात. आम्ही लातूरला गेलो. तेही त्या दुष्काळाच्या वर्षी, ज्या वर्षी लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं. हदगावच्या स्टँडवर कंडक्टरनं माझ्या हातातला पाण्याचा कॅन बघून विचारलं, "ताई, लातूरच्या पाहुण्यांना आहेर व्हय?" मी म्हटलं, "हाव, साडीपरीस महाग हाय यंदा." तो हसला, पण कॅन त्यानं स्वतःच्या सीटखाली जपून ठेवून दिला.

आमचं काम होतं जुनी पाळणागाडी बघायचं. ट्रकच्या पाठीवर एक लांब लोखंडी हात असतो आणि त्याच्या टोकाला माणूस उभा राहील एवढा पाळणा. खाली दांडे ओढले की माणूस अलगद खांबाच्या टोकाला जातो. हदगावात आमचं लायटिंगचं दुकान आहे. लग्नं, उरूस, गणपती, जयंती आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायतींचे रस्त्यावरचे दिवे. दुकानाच्या पाटीवर नाव उत्तमरावांचं, म्हणजे आमच्या मालकांचं, माझ्या नवऱ्याचं. दुकान चालवते मी. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त पाटी रंगवणाऱ्याला कोणी सांगितलं नाही.

मागच्या जयंतीला मेन रोडवर माळा बांधताना शिडी सरकली आणि उत्तमराव वरून डांबरावर आले. मांडीचं हाड मोडलं. तो सगळा पावसाळा (नावालाच होता तो) त्यांनी खाटेवर काढला. हाड जुळलं तेव्हा मी शिडी उचलली आणि परसात दोडक्याच्या वेलाला लावून टाकली. यंदा जयंती पुन्हा तोंडावर आली होती, काम आम्ही धरलेलं होतं. एक तर गाडी मिळणार, न्हाईतर हा माणूस पुन्हा शिडीवर चढणार. माझी झोप तिथं अडकली होती.

आणखी एक गोष्ट मला कळत होती आणि मी बोलत नव्हते. घरातला बल्ब गेला तरी हे स्टुलावर चढेनात. "गुडघा दुखून राहिला, तूच लाव," म्हणायचे. आता मोडली होती मांडी, गुडघ्याला काय झालं होतं?

नांदेड

अर्धापूरच्या केळीच्या बागा यंदा करपलेल्या होत्या. त्या बघत बघत नांदेडला उतरलो. स्टँडवरून रिक्षा करून गाड्यांचे दलाल जब्बारभाई यांच्या वाड्यावर गेलो. वाडा म्हणजे तारेचं कुंपण आणि आत जुन्या ट्रकांची रांग. मधोमध एक पिवळीधमक पाळणागाडी उभी होती. हळदीला बसलेली नवरीच.

"बिल्कुल नवी हाय, बाई," जब्बारभाई म्हणाले. "हाथ बी नै लगाया किसीने."

उत्तमरावांनी हात लावला. पंजा पिवळा झाला. रंग त्याच सकाळचा होता. मी अंबाड्यातला आकडा काढला आणि लोखंडी हाताच्या कोपरापाशी रंग खरवडला. खाली बोटभर जाडीचा वेल्डिंगचा वण निघाला.

"भाई, ये क्या हाय?"

"वो डिझाईन हाय, बाई."

मला हसू आवरेना. जब्बारभाईंनाही आवरलं नाही. त्यांनी चहा मागवला. घोटभर घेऊन आवाज खाली आणला आणि विचारलं, "उपर कोन चढेगा?" मी उत्तमरावांकडे बोट दाखवलं. जब्बारभाईंनी यांच्या लंगडत्या पायाकडे एकदा बघितलं. "तो नक्को लेव बाई. बेचना मेरा काम हाय, लेकिन ये नक्को लेव." आणि लातूरची एक, उदगीरची एक अशा दोन गाड्यांचे पत्ते त्यांनी स्वतःहून सांगितले. आमच्या हदगावात दुकानदार असं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात पाठवणार नाही. मी तरी पाठवत नाही.

उत्तमराव बाहेर आल्यावर म्हणाले, "रंग चांगला होता पण." ते हात पुसायला कागद शोधत होते.

लातूर

लोहा, अहमदपूर, चाकूर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाण्याचे टँकर. लातुरात उतरलो तर चौकाचौकात घागरींच्या रांगा, आणि रांगेत माणसांऐवजी घागरीच उभ्या, कडीला दोरी ओवून एकमेकींना बांधलेल्या. माणसं सावलीला बसून आपापल्या घागरीवर नजर ठेवून होती.

आमच्याकडे पाहुणा दारात आला की आधी पाण्याचा तांब्या. लातुरात चहा पुढं येतो. एका हॉटेलात मी पोऱ्याला पाणी मागितलं तर तो म्हणाला, "जेवनार का नुसतंच पिनार?" जेवणार म्हटल्यावर अर्धा ग्लास आला. पत्रावळीवर भाकरी, येसर आमटी आणि ठेचा. आमटी अशी की पुसून खाल्ली. पत्रावळ का, तर ताट धुवायला पाणी लागतं. जेवण झाल्यावर हात धुवायला उठले तर शेजारचे आजोबा म्हणाले, "पुसा की ओ, पदर कशाला हाय?" मी माझ्या कॅनमधलं चूळभर पाणी त्यांना दिलं. ते त्यांनी प्यायलं नाही, खिशातल्या बाटलीत ओतून घेतलं.

लातूरच्या गाडीचे मालक मोठे हौशी गृहस्थ. "गाडी एक नंबर हाय बघा," म्हणत ते आम्हाला मागच्या गल्लीत घेऊन गेले. ट्रक होता. ट्रकच्या पाठीवर पाण्याची टाकी होती. लोखंडी हात कुठंच दिसेना.

"पाळणा कुठाय?" मी विचारलं.

"हाय की! घरी हाय. टँकरला लै मागनी हाय यंदा, म्हनून हात उतरवून टाकी बसवली. पाऊस पडू द्या, परत बसवून देतो."

"आम्हाला जयंतीला पाहिजे."

"मग अवघड हाय," ते म्हणाले. तरी पाळणा बघून तर जा म्हणून घरी नेलं. गच्चीवर त्यांचा फायबरचा पाळणा काठोकाठ पाण्यानं भरलेला, वर लाकडी फळी आणि फळीला कुलूप. मालकीणबाई कुलपाजवळच खुर्ची टाकून शेंगा फोडत बसल्या होत्या. आम्ही गिऱ्हाईक आहोत असं कळताच त्यांनी शेंगा खाली ठेवल्या आणि किल्ली कमरेला खोचली. त्या पाळण्यासाठी भांडायची माझी हिंमत झाली नाही. आम्ही नमस्कार करून खाली आलो.

उत्तमराव जिन्यात म्हणाले, "यंदा राहू दे की आपण. शिडी हायच." पण हे म्हणताना ते जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून उतरत होते.

उदगीर

उदगीरला उतरल्या उतरल्या जे पहिलं कळतं ते हे की उदगीर जिल्हा होणार. रिक्षावाला सांगतो, पानवाला सांगतो, सुशीला, म्हणजे भिजवून फोडणी दिलेले मुरमुरे, वाढणारी बाई त्यांवर लिंबू पिळता पिळता सांगते. कधी होणार ते कोणी सांगत नाही. आमच्या हदगावला असली काही आस नाही. आम्ही तालुका आहोत आणि सुखात आहोत.

गाडीचे मालक महालिंगअप्पा, किराण्याचे जुने व्यापारी, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. "बर्री, बर्री," म्हणत त्यांनी आत घेतलं. या, या, असं कानडीतून. कडुलिंबाखाली त्यांची पाळणागाडी उभी होती. पांढरी, ग्रीसचे काळे डाग पडलेली, आणि दारावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं: मु. पो. ता. जि. उदगीर.

"जिल्हा झाला?" मी विचारलं.

"व्हनारच हाय," अप्पा म्हणाले. "म्हनलं जिल्हा झाला की रस्ते रुंद व्हतेल, रस्ता तितं दिवा, दिवा तितं गाडी. म्हनून आधीच घेऊन ठिवली."

"आनि तवापासनं कडुलिंबाला सावली देती हाय गाडी," आतून अक्कांचा आवाज आला. अक्का म्हणजे अप्पांची बायको. मला त्या तिथंच आवडल्या.

एवढ्यात जीपनं माझे किसनमामा देवणीहून आले. त्यांना मीच बोलावलं होतं, कारण गाडीतलं आम्हाला काही कळत नव्हतं. मामांनाही कळत नव्हतं, पण ते त्यांना माहीत नव्हतं. मामा जनावरांच्या दवाखान्यात शिपाई म्हणून लागले आणि शिपाई म्हणूनच रिटायर झाले. देवणीत मात्र सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात आणि मामा कोणाला अडवत नाहीत.

मामांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि म्हणाले, "शेवेरा हाय." देवणी बैलांत पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असले की शेवेरा म्हणतात. मग त्यांनी बॉनेट उघडायला लावून आत असं बघितलं की दातच मोजतायत. टायरला लाथ मारली. अप्पांना गाडी पुढं चालवायला लावली, मागं चालवायला लावली, डावीकडं वळवली, उजवीकडं वळवली.

"जित्राब दमवल्याबिगर कळत न्हाई," मामा म्हणाले. "अजून चार फेरे मारा."

अप्पांनी निमूटपणे आणखी फेरे मारले. उदगीरची निम्मी आळी तोवर कुंपणाशी जमली होती. अक्कांनी मला बाजूला घेऊन आडनाव विचारलं. आडनाव विचारलं की पुढचं सगळं कळतं, हे हदगावला आणि उदगीरला सारखंच. मी सरळ सांगितलं, आणि जयंतीच्या लायटिंगसाठी गाडी पाहिजे हेही सांगितलं. अक्का क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जयंतीला पाहिजे तर लवकर न्या की मग. आनि जेवल्याशिवाय न्हाई जायाचं." शेंगांची पोळी वाढताना तूप मात्र त्यांनी हात राखून वाढलं. अक्का सगळ्यांनाच तसं वाढतात, असं अप्पा हळूच म्हणाले.

जेवणं झाल्यावर मामांनी खरी परीक्षा घेतली. बैलबाजारात शेवटी विकणाऱ्याला जनावराच्या पाठीवर हात ठेवून त्याची खोड सांगावी लागते. पाठीवर हात असताना कोणी खोटं बोलत नाही. मामांनी अप्पांचा हात धरून तापलेल्या बॉनेटवर ठेवला. "सांगा अप्पा. खोड काय?"

अप्पांचा हात भाजत असणार. तरी त्यांनी उचलला नाही. विचार करून म्हणाले, "दोन हायत. चढाला जरा कुरकुरती. आनि डिझेलचा काटा खोटा हाय. टाकी रिकामी आसली तरी निम्मी दावतो."

"हात्तेच्या!" मामा म्हणाले. "ही काय खोड झाली?" सगळे हसले. मीही हसले. काट्याचं कोणी मनावर घेतलं नाही.

"आता घेनाऱ्यानं जुंपून बघावं," मामा उत्तमरावांना म्हणाले. "चढा जावईबापू."

कुंपणाशी आळी उभी. उत्तमरावांनी पाळण्याकडे बघितलं, वर कडुलिंबाच्या शेंड्याकडे बघितलं. मग गुडघ्यावर हात ठेवला. "आज जरा दुखून राहिला," ते म्हणाले. त्यांच्या कपाळावर जो घाम होता तो उन्हाचा नव्हता. मला एकदम भडभडून आलं, आणि रागही आला. इतक्या लोकांत या माणसाला कोणी हसलं असतं तर मी त्याचे दात मोजले असते. मी पदर खोचला.

"सरका. मी जाते."

"सुमे, तू?" मामा ओरडले.

"का? गाडी काय पुरुष ओळखती व्हय?"

अक्कांनीच माझ्या कमरेला पट्टा आवळला. जुना, जाड, त्याला दोरी आणि दोरीला कडी. कडी पाळण्यातल्या लोखंडी आकड्यात अडकवली. अप्पांनी दांडा ओढला आणि मी वर निघाले.

आता खरं सांगते. पहिले काही हात वर जाईपर्यंत मी डोळे मिटून होते. उघडले तेव्हा कडुलिंब माझ्या पायाखाली होता. समोर उदगीरचा किल्ला, अलीकडे कोरडं ठाक तळं, भेगा पडलेल्या चिखलात पोरं क्रिकेट खेळतायत, गल्लीच्या तोंडाशी टँकर आणि त्याच्याकडे पळणाऱ्या रंगीत घागरी. वारा लागत होता. एवढा वारा मी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच अंगावर घेतला. दोडके लावलेल्या शिडीवरून हे काही दिसलं नसतं.

आणि तेवढ्यात इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं.

खाली पळापळ. अप्पा काट्याकडे बघतायत, काटा निम्म्यावर. मामांच्या फेऱ्यांनी टाकी कोरडी केली होती. अप्पा कपाळाला हात लावून म्हणाले, "सांगटलो हुतो की!" मामा म्हणाले, "सांगितलं होतं, पण नीट न्हाई सांगितलं." डिझेल आणायला कोणीतरी सायकल काढली. पंप गावाबाहेर. आणि मी आकाशात, आळीच्या डोक्यावर, टांगलेली.

अशा वेळेसाठी या गाड्यांना खाली हातपंप असतो. दांडा मारत राहिलं की पाळणा इंच इंच उतरतो. अप्पांनी दांडा धरला, पण त्यांना चार दांड्यांत धाप लागली. मामा सल्ला देत होते. तेव्हा उत्तमराव पुढं झाले. दांडा हातात घेतला आणि मान वर करून ओरडले, "सुमन, घाबरू नको!"

"मी न्हाई घाबरले," मी वरून ओरडले. दोन्ही हातांनी मी पाळण्याची कड धरली होती. "तुम्ही घाबरले!"

पाळणा जरासा उतरला, थांबला, पुन्हा उतरला. उत्तमराव दांडा मारत होते. मग एकदम, अप्पा, अक्का, मामा आणि सगळी आळी ऐकत असताना, ते म्हणाले, "हाव, घाबरलो. मागल्या जयंतीपासून घाबरून राहिलो. गुडघ्याला काय धाड भरली? वर बघितलं की शिडी सरकल्यावानी वाटते."

कोणी हसलं नाही. मामासुद्धा नाही.

"मग हे घरी नसतं का सांगता आलं?" मी वरूनच म्हटलं. रडू यायला लागलं होतं, म्हणून जोरात म्हटलं.

"घरी तू खाली असती," ते म्हणाले. "तुझ्या तोंडाकडं बघून न्हाई सांगता येत. आता हलू नको, दांडा मारू दे."

मी हलले नाही. माझे पाय जमिनीला टेकले तेव्हा त्यांचा सदरा भिजून पाठीला चिकटला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, कडी निघते का ते बघितलं.

पुढं सौद्याचं. मामा आणि अप्पा समोरासमोर बसले, मधे मामांचा टॉवेल पडला आणि टॉवेलखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सुरू झाला. बैलाचा भाव असाच ठरतो, तोंडानं नाही. तोंडावर दोघांच्या काहीच नाही, गुडघ्यांवर टॉवेल उंदीर शिरल्यासारखा हलतोय. मी टॉवेल उचलला आणि माझा हात आत घातला. मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "पैसे माझ्या पिशवीत हायत," मी म्हटलं, "मग बोटं तुमची कशाला?" अक्का ओटीवरून म्हणाल्या, "बरं केलं बाई." सौदा जमला.

अक्कांनी गाडीला हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवला, बॉनेटवर थोपटलं. मग माझ्या कमरेचा पट्टा सोडला आणि सरळ आत घेऊन गेल्या. मी मागोमाग. ओसरीत एका खुंटीला बैलांची जुनी दावी टांगलेली होती. त्यांच्यावर अक्कांनी पट्टा अडकवला.

"अक्का, तो पट्टा गाडीचा आहे."

"दावं हाय ते. जित्राब द्यायाचं, दावं द्यायाचं न्हाई. दावं दिलं की दावन रिकामी व्हती."

"अहो, हा काही बैल न्हाई! हा पट्टा असला तर माणूस वर सांभाळला जातो!"

"म्हनूनच," अक्का म्हणाल्या. "दुसऱ्याचं दावं तुमच्या मानसाला कशाला? नवं आना."

मी मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, "रीत हाय, सुमे. नवं दावं घेनाऱ्याचं." दोन जिल्ह्यांत हिंडून मी गाडी मिळवली होती ती या पट्ट्यासाठीच, आणि तो बैलांच्या दाव्यांत लटकत होता. मी फणफणत गाडीत बसले. जळकोटपर्यंत कोणाशी बोलले नाही. मामा तर देवणीला गेले होते, त्यामुळे न बोलायला उत्तमरावच होते.

परत

कंधारच्या पुढं राग उतरला. नांदेडला उत्तमरावांनी गाडी रस्त्याकडेला घेतली. "पट्टा घेऊन येतो, तू बस," म्हणाले आणि एका हार्डवेअरच्या दुकानात शिरले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा हातात कागदात गुंडाळलेला पट्टा होता. तो सीटमागं टाकला आणि गाडी सुरू केली. मला वाटलं, चला, निदान हिंमत तरी केली माणसानं.

हदगावला आल्यावर मी तो सोडून बघितला. नवाकोरा, कडक, वासाचा. यांच्या पोटावर लावून बघितला तर टोकं एकमेकांना भेटेनात.

"अहो, हे तुम्हाला बसत न्हाई. बदलून आणा."

उत्तमराव शर्टाची बटणं लावत होते. "मला कशाला बसंल?" ते म्हणाले. "तुझ्या कमरेचा हाय. दुकानदार माप मागून राहिला, तर हातानं दाखवलं."

मी तो कमरेला लावला. बरोबर बसला, एक भोकही कमी-जास्त नाही.

जयंतीच्या आदल्या दिवशी मेन रोडवर माळा बांधल्या. हदगाव मान वर करून बघत होतं, कोणी शिट्टी मारली, कोणी गाडीच्या दारावरचं "जि. उदगीर" वाचून विचारलं की हे कधी झालं. मी वर होते, निळ्या दिव्यांची माळ हातात, कडी आकड्यात. उत्तमराव खाली दांड्यापाशी, काट्यावर विश्वास नको म्हणून शेजारी डिझेलचा कॅन घेऊन उभे. मी खाली बघितलं की ते वर बघत. मागच्या वर्षीच्याच खांबापाशी आल्यावर त्यांनी ओरडून विचारलं, "आणू का खाली?"

मी म्हटलं, "थांबा जरा. अजून वर न्या."